चांदाच्या बुडाशी नेम

ती घटना विसरता आली असती तर बरे झाले असते. पण ती आजही आठवते, आणि आठवते तीही वारासकट, पोलीस डायरीत लिहिल्यासारखी. चोवीस वर्षे मी आपल्याकडच्या पोलीस खात्यात काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोके फोडून घेतले. निवृत्त माणूस भेटला की लोकांना त्यातलेच काहीतरी ऐकायचे असते. मला मात्र सांगावेसे वाटते ते हे एकच प्रकरण, आणि गंमत अशी की ते घडले तेव्हा मी पोलीस नव्हतोच.

नव्वदच्या दशकात मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कंबर गेली होती आणि बदल्यांचा वीट आला होता. मेहुण्याच्या ओळखीने अमिरातीत नोकरी लागली. उम्म अल कुवैनच्या रस्त्याला आत वाळूत एका धनिक अरब कुटुंबाचे खाजगी फायरिंग रेंज होते, तिथे मी सिक्युरिटी ऑफिसर झालो. बिऱ्हाड शारजात, अल मजाजला. बायको आणि शाळेत जाणारी मुलगी बरोबर होत्या.

रेंजवर माझ्या हाताखाली दोन बलुची पहारेकरी, एक केरळचा क्लार्क आणि अण्णा. अण्णा सातारा जिल्ह्यातले, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. शस्त्रागार आणि स्टोअर त्यांच्याकडे होते. कामाला वाघ, बोलायला महाग. एकटेच राहायचे. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे आणि जेवून झाले की स्वतःचे ताट स्वतः धुऊन ठेवायचे. बायकोने कितीदा सांगितले तरी ऐकले नाही. "फौजेत एक लाल शेरा नाही वहिनी," एवढीच एक बढाई ते मारत. लाल शेरा म्हणजे सेवापुस्तकातली शिक्षेची नोंद. तो नसणे ही त्यांची सगळी इस्टेट होती. दोन महिन्यांनी ते कायमचे गावी परतणार होते.

हिवाळा आला की मालकांचे नातेवाईक आणि दोस्त परदेशी शिकारीला निघत. त्याआधी रायफली आमच्याकडे येत, झिरोइंगसाठी. शिकारीच्या रायफलीवर दुर्बीण असते आणि दुर्बिणीत एक बारीक काळी फुली दिसते. फुली जिथे, गोळी तिथे लागली पाहिजे. ते जुळवण्यासाठी शंभर मीटरवर कागदी टार्गेट लावायचे, तीन गोळ्या मारायच्या, कागद पाहायचा, दुर्बिणीचा नॉब चार खटके इकडे की तिकडे फिरवायचा आणि पुन्हा तीन गोळ्या. जुळले की तो कागद मी तपासायचा, कोपऱ्यात सही करायची आणि फाइलला लावायचा. एवढे साधे काम होते.

त्या शनिवारी आठ रायफली आल्या. त्यातली एक मालकांच्या शेतावरच्या मॅनेजरची. हा मॅनेजर मिसरचा, म्हणजे इजिप्तचा. शेतावर कुंपणात हरणे पाळली होती आणि भटक्या कुत्र्यांनी त्यातली काही फाडली होती. कुत्री मारायची रीतसर परवानगी त्याला मिळाली होती. अण्णांनी त्याची रायफल जुळवली. मी कागद पाहिला. फूटभर रुंदीच्या काळ्या गोलाच्या, म्हणजे आम्ही पोलीस ज्याला चांद म्हणतो त्याच्या, बरोबर मधोमध तीन भोके. तिन्ही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. "शाब्बास अण्णा," म्हणालो आणि सही ठोकली.

सोमवारी सकाळी, उजाडून अर्धा तास झाला असेल, मॅनेजरने शंभर पावलांवरच्या कुत्र्यावर गोळी झाडली. गोळी कुत्र्याच्या पाठीवरून गेली. मागे वाळूचा बुटका उंचवटा होता, त्यावरून ती पलीकडे गेली आणि तिथे बसलेल्या एका बलुची मेंढपाळाच्या मांडीत घुसली. मांडीचे हाड फुटले.

मी इस्पितळात त्याला पाहायला गेलो. विशी-पंचविशीचा असेल. त्याने मला विचारले, "साहब, मैं तो खाली बैठा था. मेरे को गोली किधर से आया?" मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही.

त्याच दुपारी पोलिसांनी रायफल ताब्यात घेऊन त्यांच्या मैदानावर तपासली. ती फुलीच्या अर्धा फूट वर मारत होती. मॅनेजर अल्लाची शपथ घेऊन म्हणाला, "वल्लाही, मी कुत्र्याच्या छातीवर फुली धरली. रायफल रेंजवाल्यांनी जुळवून दिली आहे, त्यांना विचारा." अण्णांना उचलले. आरोप निष्काळजीपणाने इजा केल्याचा. शाबीत झाला तर कैद, नंतर हद्दपारी आणि पासपोर्टवर शिक्का.

तपासावर एक तरुण नकीब होता. नकीब म्हणजे कॅप्टन. शांत माणूस, आवाज न चढवणारा. त्याची हिंदी 'इधर आव, जल्दी जाव' एवढीच. इंग्रजी चांगली. अण्णा सारी हयात हिंदी बोललेले, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून मराठीखेरीज शब्द निघेना. घाबरलेला माणूस आईच्या भाषेत शिरतो, हे मी शेकडो वेळा पाहिलेले आहे. नकीबने मला दुभाषा म्हणून बसवले. मी पूर्वी पोलीस इन्स्पेक्टर होतो हे कळल्यावर त्याने माझ्यासाठी चहा मागवला आणि 'माय ब्रदर' म्हणाला. मला बरे वाटले. खुर्ची सुटली तरी खुर्चीची हौस सुटत नाही.

मंगळवारी सकाळी क्लार्क माझ्या टेबलाशी घुटमळला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "साब, एक बात बोलेगा. मेरा नाम नहीं आना."

"बोल."

"सॅटर्डे का आठ पेपर होना मांगता. फाइल में सात है. मिसरी का पेपर अण्णा मंडे को निकालके ले गया. मैं देखा."

खबर देणारा कुठलाही असो, ती देताना त्याची नजर एकाच जागी असते, स्वतःच्या बुटांवर. मी नकीबला फोन केला. अण्णांच्या खोलीची झडती घेतली. गादीखाली घडी घातलेला कागद मिळाला. मी तो उलगडला आणि हायसे वाटले. मधोमध तीन भोके, कोपऱ्यात माझी सही.

मी नकीबला समजावले, "हे पाहा. शनिवारी रायफल अचूक होती, मी स्वतः तपासली आहे. सोमवारी ती अर्धा फूट वर मारते, म्हणजे मधल्या दोन दिवसांत कोणीतरी दुर्बिणीचे नॉब फिरवले. आणि दोन दिवस रायफल होती कोणाकडे?"

मग आम्ही मॅनेजरला धरले. पाच तास. प्रश्न मी काढून देत होतो आणि नकीब विचारत होता. तोच प्रश्न उलटा, सुलटा, तिरका. दुर्बिणीला हात लावलास का, तुझ्या मुलाने लावला का, गाडीत आपटली का. तो माणूस शेवटी रडला. मला त्याची दया आली नाही. रडणारे मी पुष्कळ पाहिले होते. संध्याकाळी घरी येताना मी गाडीत शीळ घालत होतो.

एकच गोष्ट बसत नव्हती. कागद अण्णांना निर्दोष ठरवणारा होता, मग त्यांनी तो लपवला कशाला? आरोपी स्वतःच्या बचावाचा पुरावा गादीखाली ठेवत नाही.

बुधवारी सकाळी मी रेंजवर एकटाच गेलो. त्याच बनावटीची दुसरी रायफल घेतली. ती रेंजचीच, गेल्या मोसमात जुळवलेली आणि अचूक मारणारी, हे मला ठाऊक होते. शंभर मीटरवर तसाच गोल कागद लावला, पोटावर झोपलो आणि दुर्बिणीत डोळा घातला. काळा चांद दिसला. फुली दिसेना. काळ्यावर काळी रेघ, दिसणार कशी? मी डोळे चोळले, पुन्हा पाहिले, आणि मग माझी रायफल हळूहळू खाली गेली. मी नेली नाही, ती गेली. चांदाच्या बुडाशी, जिथे काळे संपून पांढरे सुरू होते, तिथे फुली स्वच्छ दिसली आणि माझा श्वास आपोआप थांबला.

हे ज्यांनी आपल्याकडच्या मैदानावर जुन्या रायफलीने चांदमारी केली आहे त्यांनाच कळेल. त्या रायफलींना दुर्बीण नसे. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खुंटी, चांदाच्या बुडाला टेकवायची आणि गोळी चांदाच्या मध्यात जायची, अशीच ती रायफल बसवलेली असायची. पहिल्या दिवशी उस्ताद हेच शिकवतो, आणि चुकलात तर मैदानाला फेरी मारायला लावतो. पोलिसात तेच, फौजेत तेच. वीस-पंचवीस वर्षांत ते हाताच्या हाडात जाते.

मी तीन गोळ्या मारल्या. त्या फुली होती तिथेच, चांदाच्या बुडाला लागल्या. नॉब फिरवत गेलो तशा वर सरकल्या आणि मधोमध आल्या. सुंदर कागद झाला, शाब्बास म्हणावा असा. मग पांढऱ्यावर बारीक चौकटी असलेला कागद लावला, मधल्या चौकटीच्या कोपऱ्यावर फुली धरली आणि मारल्या. तिन्ही अर्धा फूट वर.

नॉबला कोणी हात लावला नव्हता. अण्णांनी रायफल जुन्या फौजी सवयीने जुळवली होती आणि मी जुन्या पोलिसी सवयीने सही केली होती. मॅनेजरने मात्र दुर्बीणवाल्याने करावे तेच केले होते, जिथे मारायचे तिथे फुली धरली होती. आदल्या दिवशी त्या माणसाला मी पाच तास पिळले होते. वाळूत मी तसाच पडून राहिलो. उठावेसेच वाटेना.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती मी आतापर्यंत सांगितली नाही, कारण तेव्हाही सांगितली नव्हती. स्टोअरमध्ये पूर्वी चौकटीचेच कागद होते. ते परदेशातून यायचे. हिवाळ्याच्या तोंडावर ते संपले आणि नवे यायला महिना लागणार होता. अण्णा माझ्या टेबलापुढे उभे राहून म्हणाले होते, "साहेब, दुर्बिणीच्या रायफलीला चौकोनी कागूदच लागतो. गोलात फुली हरवती. थोडं थांबू."

क्लार्कसमोर कोणी शिकवलेले मला आवडले नाही. मी म्हणालो, "अण्णा, कागद तो कागद. मी अख्खी नोकरी गोलावर काढली. माझं काही अडलं नाही." आणि शारजातल्या एका छापखान्यातून गोल कागद छापून आणवले. मागणीपत्रावर सही माझी. अण्णा "जी साहेब" म्हणाले आणि कागद मांडणीवर लावून ठेवले.

शनिवारच्या बाकीच्या सात रायफली परत मागवून मी बुधवारी दुपारी ठाण्यावर गेलो. खोलीत आम्ही चौघे होतो. नकीब, अरबीत लिहून घेणारा हवालदार, अण्णा आणि मी. माझ्या सकाळच्या चाचणीची हकीकत मी नकीबला दिली होती. नेमापुरती. कागद कोणी आणला त्याबद्दल त्याने विचारले नाही आणि मी बोललो नाही.

"याला विचारा, नेम कुठे धरला होता?"

अण्णा म्हणाले, "चांदाच्या बुडाशी. काळ्यात फुली दिसंना झाली. आठ रायफली उरकायच्या हुत्या, हात आपसूक खाली गेला. सोमवारी गोळी वर गेल्याचं ऐकलं तवाच डोक्यात उजेड पडला. चूक झाली माझी."

मी शब्दाला शब्द भाषांतर केले.

नकीबने कागद उचलून धरला. "दुर्बिणीच्या रायफलीला हा कागद वापरत नाहीत. मीही शिकार करतो. विचारा याला, हा कागद कोणी निवडला? आणि याने तो लपवला कशासाठी?"

मी विचारले. माझा आवाज सरळ होता.

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मग टेबलाकडे बघत, जबाब दिल्यासारख्या एकसुरी आवाजात म्हणाले, "गोल कागूद तुम्हीच आणवलेला, वर तुमची सही हाय, म्हणून काढून ठिवला. ते येंला सांगू नका साहेब. तुमचं लेकरू हाय हितं, शाळा हाय. मी एकटा गडी. दोन म्हयन्यानी तसाबी जाणारच हुतो."

"काय म्हणतोय?" नकीबने विचारले.

मी म्हणालो, "म्हणतोय, आठवत नाही."

लिहिणाऱ्याने अरबीत ओळ लिहिली. अण्णांनी वाचता न येणाऱ्या त्या कागदावर सही केली, फौजेत करत तशी, पूर्ण नावाची.

गुरुवारी अर्धा दिवस कामाचा होता. मी रेंजवर गेलो, हजेरी घेतली, शस्त्रागार मोजून पाहिले आणि दुपारी घरी आलो. स्वतःला समजावत होतो की उद्या सुट्टी आहे, शनिवारी पाहू. मी, ज्याने चोवीस वर्षे दिवाळी ठाण्यात बसून काढली. पोलीस ठाण्याला सुट्टी नसते हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

शुक्रवारी बायकोने पाने मांडली आणि भाताचे पातेले उघडून तशीच उभी राहिली. "सवयीने अण्णांचाही भात लावला बघा. अहो, त्यांचं काय होणार?"

"बघू. कोर्ट ठरवेल."

"त्यांची चूक आहे का पण?"

मी मुलीला म्हणालो, "आज अभ्यासाला बसलीस का?" ती म्हणाली, "बाबा, यू आस्क्ड मी दॅट ट्वाइस." बायको माझ्याकडे पाहत होती. पोलिसाच्या बायकोला जबाब घ्यावा लागत नाही. मी जेवणावरून उठलो आणि तिला सगळे सांगितले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे वाटले असते. ती एवढेच म्हणाली, "आणि तुम्ही दोन घास खाल्लेतही."

शनिवारी ठाणे उघडल्या उघडल्या, म्हणजे मी ते माझ्या मनात उघडल्यावर, नकीबपुढे गेलो. मागणीपत्राची प्रत टेबलावर ठेवली आणि सांगितले की जबाबाचे भाषांतर मी खोटे केले, तो माणूस काय म्हणाला ते हे.

त्याने प्रत वाचली. बराच वेळ पेन बंद-उघड करत राहिला. 'माय ब्रदर' म्हणाला नाही. "तुम्ही पोलीस होता," तो म्हणाला. "बुधवारी सांगितलं असतंत तर तो जबाब माझ्या टेबलावर होता. मी फाडला असता, नवा लिहिला असता. गुरुवारी सकाळी तो सरकारी वकिलांकडे गेला. आता 'आठवत नाही' म्हणणारा, पुरावा लपवणारा माणूस अशी त्याची फाइल झाली. मी तुमचा जबाब जोडतो. पण आधीचा पुसता येत नाही. खलास."

तसेच झाले. मागे काय आहे ते न बघता गोळी झाडली म्हणून मॅनेजरला शिक्षा झाली, आणि ती योग्य होती. माझ्या जबाबामुळे अण्णांवरचा मोठा आरोप गेला. पुरावा लपवल्याचा राहिला, तोही माझ्यासाठी लपवलेला. सहा आठवडे ते आत होते. नंतर हद्दपारी. ज्याच्या सेवापुस्तकात एक लाल शेरा नव्हता, त्याच्या पासपोर्टवर शिक्का बसला. माझे काय झाले? मालकांनी व्हिसा रद्द केला, मुलीचे वर्ष अर्ध्यात मोडले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मेंढपाळ लंगडत का होईना, पण चालू लागला.

या प्रकरणाने काय शिकवले, असे कोणी विचारले तर तपासाचे सांगण्यासारखे फार काही नाही. टार्गेटचा कागद हत्याराला साजेसा निवडावा, हे अण्णांना माझ्याआधी ठाऊक होते. मला छळते ते वेगळेच. नोकरीत मी असंख्य जबाब लिहून घेतले. त्यांत शिपायांचे होते, हवालदारांचे होते. 'हुकूम कोणी दिला' या प्रश्नापुढे 'आठवत नाही' असे किती ठिकाणी लिहिले गेले, आणि किती वेळा ते वाचून मी सुटकेचा श्वास टाकून पान उलटले! मी त्याला खात्याची शिस्त समजत होतो. हाताखालची माणसे आपल्यासाठी गप्प बसतात आणि आपण त्याला निष्ठा असे नाव देऊन घरी जेवायला जातो. त्या जबाबांखालच्या सह्या आता डोळ्यांपुढे येतात, पण त्यातले एकही नाव मला आठवत नाही, आणि या वेळी ते खरे आहे.

अण्णांना विमानतळावर नेले त्या दिवशी नकीबने मला दोन मिनिटे भेटू दिले. सहा आठवड्यांत ते वाळले होते. दाढी नीट केलेली होती. मी माफी मागायला गेलो होतो, आणि वाक्यही ठरवून गेलो होतो.

ते बोलायच्या आत अण्णाच म्हणाले, "मीच म्हणालो हुतो सांगू नका. तुमच्यावर राग न्हाई साहेब." त्यांनी पिशवी उचलली. "पर गुरुवारी आन् शुक्रवारी, दार वाजलं की मला वाटायचं, तुम्ही आलात."